दोघे, दोघी, दोन

पाहुणे येणार असा निरोप आला की स्वयंपाकघरातून पहिला प्रश्न येतो, ‘किती जण?’ ‘दोघे’ म्हटले की एक बेत ठरतो, ‘दोघी’ म्हटले की दुसरा. दोघे असतील तर बाहेरच्या खोलीत गाद्या पडतात, दोघी असतील तर माजघरात. ताटे मात्र दोनच मांडायची. आकडा एकच, पण मराठी माणूस तो तीन तऱ्हांनी बोलतो, आणि आपण काही विशेष करतो आहोत याची त्याला जाणीवही नसते.

दिवाळीच्या दिवसांत घरोघरी मोजामोज चाललेली असते. पणत्या किती, करंज्या किती, ओवाळणाऱ्या बहिणी किती! म्हणून यंदा या सदरात आकड्यांबद्दलच चार शब्द लिहावेत असे ठरविले आहे. हिशेबाच्या आकड्यांबद्दल नव्हे. ते काम वाण्याच्या वहीचे. आम्हांला बोलायचे आहे ते तोंडच्या आकड्यांबद्दल. आकडा तोंडातून गेला की त्याच्यामागोमाग आणखी काय काय जाते, हेही त्यात ओघाने येईल.

दोघे-दोघी ही सोय शेजारच्या हिंदीत शोधून पाहा, सापडणार नाही. इंग्रजीत तर विचारायलाच नको. मराठीत ती तीनलाही आहे: तिघे, तिघी, तीन. चारलाही आहे: चौघे, चौघी, चार. पण पाच आले की भाषा हात टेकते. पाचघे नाही, पाचघी नाही. ‘पाच जण’, ‘पाच जणी’ म्हणून आपण वेळ मारून नेतो. एखादे शास्त्रीबोवा म्हणतील, यात नवल ते काय? संस्कृतातही त्रयः, तिस्रः, त्रीणि असे तीन लिंगांचे तीन अवतार आहेत, आणि तेही चारावरच थांबतात. खरे आहे. पण संस्कृतातली नदी व्याकरणाने स्त्री आहे म्हणून तिलाही ‘तिस्रः’ लागते. आपण मात्र ‘तिघी नद्या’ म्हणत नाही. नद्या तीन, बहिणी तिघी. आपल्या मोजणीत माणूस आणि वस्तू यांच्यात एक रेघ आहे, आणि माणसांत पुन्हा पुरुष आणि बाई अशी दुसरी रेघ आहे.

आता वाचकांना वर्ध्याकडे घेऊन जातो.

वर्धा म्हटले की डोळ्यांपुढे सेवाग्रामची कुटी येते, पवनारचा धाम नदीचा काठ येतो, हिंगणघाटचा कापूस येतो. याच जिल्ह्यात आणि वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळात, तसेच चंद्रपूर, किनवट आणि तेलंगणातील आदिलाबाद या टापूत कोलाम नावाची आदिवासी जमात राहते. त्यांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात. ते स्वतःला ‘कोलावर’ म्हणवतात. आदिलाबादकडचे गोंड त्यांना ‘पुजारी’ म्हणत आले, कारण त्या मुलखातल्या मूळ देवतांची मर्जी कशी राखायची हे कोलामांनाच ठाऊक, अशी गोंडांचीही श्रद्धा. पूर्वी डोंगरउतारावर फिरती शेती करून ही माणसे राहत. जंगले राखीव झाली तशी ती शेती आटली आणि कोलाम सपाटीवर दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला उतरले. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची सरकारदरबारी अतिदुर्बल म्हणून वेगळी नोंद आहे, त्यांत कातकरी आणि माडिया गोंड यांच्या जोडीला कोलाम आहेत.

या कोलामांची भाषा कोलामी. पुष्कळांचा समज असा की ती गोंडीचीच एखादी बोली असावी. तसे नाही. गोंडी आणि कोलामी दोन्ही द्राविडी कुळातल्या, पण शाखा वेगळ्या. कोलामीची जवळची नाती नाईकीशी, आणि दूर बस्तरातल्या परजीशी व ओरिसाच्या कोरापुट भागातल्या गदबाशी. शेजारच्या गोंडाचे बोलणे कोलामाला सवयीने कळेल, जन्माने कळायचे नाही.

कोलामीत पाण्याला ‘ईर’ म्हणतात. कवितेतले आपले ‘नीर’ संस्कृतातून आले आणि संस्कृताने ते द्राविडी भाषांकडून घेतले असे भाषापंडित मानतात. तमिळमध्येही ते ‘नीर’च आहे. कोलामाने त्यातला पहिला ‘न’ तेवढा पिऊन टाकला. घर म्हणजे ‘एल्ला’, झाड म्हणजे ‘माक’, वाघ म्हणजे ‘पुल’. दात म्हणजे ‘पल’ आणि दूध म्हणजे ‘पाल’. आमच्या घरची पाल भिंतीवर असते, त्यांची भांड्यात. हसू येते खरे. पण आपले शब्द ऐकून त्यांनाही येत असेल.

आणि आता आकडे ऐका. दोन पुरुष असले तर ‘इद्दर’, दोन बायका असल्या तर ‘ईरल’, दोन वस्तू असल्या तर ‘इंदिंग’. तीन पुरुष ‘मुग्गुर’, तीन बायका ‘मुयल’, तीन वस्तू ‘मूंदिंग’. चारलाही अशीच तीन रूपे आहेत. चार वस्तू असल्या की ‘नालिंग’. आणि पाचापासून पुढे? पुढे हा थाट संपतो. दोघे, दोघी, दोन; तिघे, तिघी, तीन; चौघे, चौघी, चार; आणि मग पूर्णविराम! योगायोग म्हणा, शेजार म्हणा, पण वर्ध्याची मराठी गृहिणी आणि पोडातली कोलाम बाई या दोघी पाहुणे अगदी एकाच रीतीने मोजतात. गंमत अशी की एरवीच्या कोलामी व्याकरणात पुरुष एका बाजूला आणि बायका, बैल, भांडी सगळी दुसऱ्या बाजूला, असा सरसकट हिशेब आहे. पण दोनपासून चारपर्यंत मोजायचे झाले की बायकांना त्यांचे वेगळे आसन मिळते.

पाचानंतर फक्त रूपेच संपत नाहीत, शब्दही संपतात. कोलामीतले पाचापासून दहापर्यंतचे आकडे तेलुगूकडून उसने आलेले आहेत. बाजारहाटात तर मराठीच आकडे. घरात मावतील इतकी माणसे मोजण्यापुरते आकडे आपले, आणि घराबाहेर पाऊल टाकले की आकडे दुसऱ्याचे, अशी ही वाटणी आहे.

हे असे का व्हावे? याचे उत्तर शोधायला आम्ही वाचकांना जरा लांबच्या प्रवासाला नेणार आहोत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणाल तर म्हणा. पण कधी कधी वळसा घेतल्यावाचून काखेतला कळसा दिसत नाही.

इजिप्तच्या पश्चिम टोकाला, लिबियाच्या सरहद्दीजवळ, सहारा वाळवंटात सीवा नावाचे एक ओअॅसिस आहे. भूमध्य समुद्राच्या काठापासून सुमारे ३०० किलोमीटर आत, समुद्रसपाटीच्याही खाली. चहूकडे वाळू, आणि मध्येच झरे, खजुराची बने, ऑलिव्हच्या बागा आणि खाऱ्या पाण्याची सरोवरे. ख्रिस्तपूर्व ३३१ मध्ये सिकंदर येथल्या आमोन देवाचा कौल घ्यायला आला होता, एवढे इतिहासाच्या पुस्तकात वाचल्याचे काहींना आठवेल. पण येथील लोक आजही घरी जी भाषा बोलतात ती अरबी नव्हे. तिचे नाव सीवी. ती बर्बर कुळातली. मोरोक्को, अल्जीरियापासून पसरलेल्या या कुळाचे हे अगदी पूर्वेकडचे टोक.

सीवीत पाण्याला ‘अमन’ म्हणतात. आपल्याकडे अमन म्हणजे शांतता; वाळवंटात अमन म्हणजे पाणी. अर्थ फार लांब गेला असे वाळवंटातला माणूस तरी म्हणणार नाही! १७९८ मध्ये फ्रीड्रिख होर्नेमान नावाचा एक जर्मन प्रवासी मुसलमान व्यापाऱ्याचा वेष घेऊन काफिल्याबरोबर येथून गेला आणि जाता जाता त्याने काही शब्द टिपून घेतले. त्या शब्दांवरून ही भाषा बर्बर आहे हे लंडनमध्ये बसून विल्यम मार्सडेनने ओळखले. मूठभर शब्द, पण एका माणसाने ते कागदावर उतरवले म्हणून जगाला या बोलीचे कूळ समजले.

तर या सीवीतले आकडे कसे आहेत? एक आणि दोन हे दोनच तिचे स्वतःचे. तीनपासून पुढे सगळे अरबी. पळसाला पाने तीनच, मग तो पळस वर्ध्याचा असो की सहाराचा. कोलामीने चार राखले, सीवीने दोन.

कारण दोन्हीकडे एकच आहे. सीवाचा माणूस खजूर आणि ऑलिव्ह पिकवतो, पण ते विकत घेतो अरब व्यापारी. भाव अरबीत, माप अरबीत, उधारी अरबीत. वर्ध्याच्या कोलामाने वेचलेला कापूस तोलला जातो मराठीत. मजुरी मराठीत मोजली जाते, सावकाराची वही मराठीत, तलाठ्याचा सात-बारा मराठीत. ज्याच्या हाती तराजू, त्याचे आकडे. घरात पाच माणसे क्वचितच एकदम मोजावी लागतात. बाजारात मात्र पाचाच्या पुढेच सगळा खेळ असतो. म्हणून भाषा पहिल्याने माघार घेते ती बाजारातून. कोणी तिला हाकलून देत नाही. रोज थोडे थोडे देवाणघेवाणीत जात राहते, आणि एक दिवस लक्षात येते की आपल्यापाशी चारच उरले आहेत.

बाजारातून माघार घेतलेली भाषा चावडीत काही दिवस टिकते, मग चावडीतूनही उठते आणि घरात येऊन बसते. घरात ती पुष्कळ काळ राहू शकते. सीवी राहिलीच आहे. पण घरातली आई ज्या दिवशी ठरवते की लेकराशी आता मोठ्या भाषेतच बोलायचे, त्या दिवसापासून त्या भाषेचे दिवस मोजायला लागावेत. लिबियातील सोकना या ओअॅसिसातली बर्बर बोली विसाव्या शतकात अशीच मिटली. सीवाच्या जुन्या गावाची घरे मीठमिश्रित मातीची होती. शतकानुशतके ती उभी राहिली, कारण तेथे पाऊस असा पडतच नाही. १९२६ मध्ये तीन दिवस पाऊस झाला आणि घरे विरघळली. भाषेचेही असेच असते. शत्रू आला तर लोक भिंतीशी उभे राहून लढतात. पावसाशी कोण लढणार?

आता वर्ध्याला परत येऊ. येथे आणखी एक विलक्षण गोष्ट वाचकांच्या नजरेस आणून द्यायची आहे. वर्धा हे आपल्या देशातले भाषेच्या चळवळींचे एक मोठे केंद्र. राष्ट्रभाषा प्रचार समिती येथे स्थापन झाली १९३६ मध्ये. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथेच शिक्षण परिषद भरली आणि मुलाला सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण मातृभाषेतूनच मिळाले पाहिजे असा ठराव झाला. नई तालीम ती हीच. सर्व भारतीय भाषा नागरी लिपीतही लिहिल्या जाव्यात असे सांगणारे विनोबा पवनारचेच. १९९७ मध्ये येथे हिंदीचे आंतरराष्ट्रीय विद्यापीठ उभे राहिले. २०२३ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे शहाण्णवावे अधिवेशन याच गावी भरले.

शिक्षण परिषद भरली तो काळ आणि एका परदेशी पंडिताचा या देशातला मुक्काम एकच होता. मरे एमेनो हे त्यांचे नाव. जन्माने कॅनडाचे, पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक. १९३५ ते १९३८ या काळात ते येथे द्राविडी कुळातल्या लहान भाषांचा अभ्यास करीत होते. नीलगिरीतल्या तोडा आणि कोटा लोकांत ते राहिले, आणि त्याच मुक्कामात त्यांनी वर्धा जिल्ह्यातल्या कोलामांची बोली टिपून घेतली. तिचे व्याकरण, गोष्टी आणि शब्दसंग्रह असे पुस्तक त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे बरो आणि एमेनो या जोडीने द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश १९६१ मध्ये काढला, त्यात तमिळ, तेलुगू, कानडीच्या मांडीला मांडी लावून हा वर्ध्याचा ‘ईर’ बसला आहे. ज्या जिल्ह्यात मातृभाषेतून शिक्षणाचा ठराव झाला, त्याच जिल्ह्यातल्या एका मातृभाषेचे पुस्तक सातासमुद्रापार छापले गेले. ठराव करणाऱ्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मातृभाषा म्हटले की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपलीच आई येते, एवढेच यावरून दिसते.

एमेनोंच्या आधीही काहींनी या भाषेकडे पाहिले होते. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी या भागातील आदिवासी भाषांचे शब्द जमवले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले आणि त्यांचे कागद १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीच्या १९०६ च्या चौथ्या खंडात कोलामीला जागा मिळाली. पण मराठी वाचकाने अभिमानाने सांगावे असे नाव वेगळेच आहे. शिवचरित्राचे आणि मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून ज्यांना आपण ओळखतो त्या सेतुमाधवराव पगडींनी कोलामीचे व्याकरण लिहिले. ते १९५० मध्ये हैदराबादेत प्रसिद्ध झाले, एमेनोंच्याही पाच वर्षे आधी. पगडी निजामाच्या राज्यात अधिकारी होते. त्या राज्यात आदिलाबादच्या मारलवाई येथे १९४३ च्या सुमारास गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले होते, आणि गोंड मुलांसाठी गोंडी भाषेतली पुस्तके तेथे नागरी लिपीत काढली गेली. म्हणजे पोडातल्या मुलाला त्याच्या भाषेतून पहिले धडे द्यावेत ही कल्पना काही हवेतली नव्हे. आपल्या शेजारी, आपल्याच लिपीत ती करून पाहिलेली आहे.

मग आज काय स्थिती आहे? कोलामी ही आपली मातृभाषा असे सांगणारे लोक १९९१ च्या जनगणनेत ९८,२८१ होते; २००१ मध्ये १,२१,८५५ झाले; २०११ मध्ये १,२८,४५१. आकडा वाढतोच आहे, मग रड कसली, असे कोणी म्हणेल. पण पहिल्या दहा वर्षांत वाढ शेकडा चोवीस होती, दुसऱ्या दहा वर्षांत ती शेकडा साडेपाचाच्याही आत आली. आणि २०११ मध्ये एकट्या महाराष्ट्रात कोलाम जमातीची माणसे १ लाख ९० हजारांहून अधिक होती, तेलंगणातले वेगळेच. म्हणजे ज्यांची जात कोलाम आहे पण भाषा कोलामी नाही, असे लोक हजारांनी आहेत. त्यांच्या घरात तीन दिवसांचा पाऊस पडून गेला आहे.

कायद्याने काही दिले नाही असे नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम घातले गेले. भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे ते राज्यांना सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. कलम चांगले आहे, धोरणही चांगले आहे. पण समजा, पोडातला सहा वर्षांचा मुलगा शाळेत गेला. गुरुजींनी पाण्याचे चित्र दाखवले. मुलगा म्हणाला, ‘ईर.’ गुरुजी म्हणाले, ‘चूक. पाणी.’ येथे कोणी कोणावर जुलूम केला? कोणीच नाही. गुरुजी आपले कामच करीत होते. पण त्या मुलाला त्या एका शब्दाने कळले की आपली आई चूक बोलते. त्यानंतर तो घरी गेल्यावर कोणत्या भाषेत पाणी मागेल, हे सांगायला भाषापंडित नको.

याला एक उत्तर हमखास मिळते, आणि ते वजनदार आहे. ‘अहो, त्या मुलाला पोट आहे. कोलामी शिकून त्याला नोकरी कोण देणार? त्याच्या बापालाच विचारा. तोही म्हणेल, मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा.’ बाप तसे म्हणेल, आणि बापाचे चुकते असे म्हणायची आमची छाती नाही. पण प्रश्न मराठी शिकवायची की नाही हा नाहीच. कोलाम माणूस मराठी शिकलेलाच आहे. घरी कोलामी, शेतात मराठी, कोठे गोंडी, कोठे तेलुगू, असा त्याचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. आपण पदवी घेऊनही दीड भाषेत अडखळतो. तो अंगठा उठवणारा तीन भाषांत भांडू शकतो! नवी भाषा येण्यासाठी जुनी टाकावी लागते हा समज शाळेने पसरवला, पोडाने नव्हे. उलट ज्याला घरच्या भाषेत वाचण्याची युक्ती कळली, त्याला तीच युक्ती दुसऱ्या भाषेत वापरायला सोपे जाते. १९३७ साली वर्ध्यात याच समजुतीने ठराव झाला होता.

आकड्यांचे दुःख आपल्याला अगदी परके आहे असेही नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘तेवीस’ऐवजी ‘वीस तीन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गहजब झाला! बाजू कोणतीही घ्या. पण आकड्याला हात लागला की काळजाला हात लागतो एवढे तेव्हा दिसले. आणि त्याच घरांत आज टेलिफोनचा नंबर मराठीत सांगितला तर नातू विचारतो, ‘आजोबा, म्हणजे किती?’ त्रेसष्ट, एकोणऐंशी, अठ्ठ्याण्णव हे शब्द नातवंडांच्या तोंडून हळूहळू निघून चालले आहेत. कोणी बंदी घातलेली नाही. तराजू दुसऱ्याच्या हाती गेला, इतकेच. सीवीच्या आणि कोलामीच्या वाटेवरचा हा पहिला मैलाचा दगड आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

अर्थात आपली स्थिती आणि त्यांची स्थिती एक नव्हे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला, आणि २९ जून रोजी सरकारने ते दोन्ही निर्णय मागे घेतले. मोठ्या भाषेच्या सावलीत लहान मुलाची भाषा कोमेजू नये, असे तेव्हा जो तो म्हणत होता. ते म्हणणे रास्त होते. परंतु रास्त गोष्ट आपल्यापुरतीच रास्त नसते. वर्ध्याच्या पोडाशी उभे राहून पाहिले तर मोठी भाषा कोणती दिसते? हिंदी नव्हे, इंग्रजी नव्हे, मराठी दिसते. सीवात जे अरबीचे स्थान, तेच येथे आपले. आम्हांला मोठेपणाची सवय नाही, आम्ही नेहमी अन्याय झालेल्यांच्या रांगेत उभे असतो. म्हणून हे मोठेपण आपल्या ध्यानातच येत नाही.

मोठ्या भाषेने काय करावे? मोरोक्कोने २००१ मध्ये बर्बर भाषांसाठी एक राजसंस्था काढली आणि २०११ मध्ये बर्बर भाषेला राज्यघटनेत अधिकृत स्थान दिले. अल्जीरियाने २०१६ मध्ये तेच केले. म्हणून अरबी बुडाली असे काही झालेले नाही. आपल्याकडे एवढे मोठे काही नको, पहिल्याने लहान गोष्टी पुरेत. पोडाजवळच्या शाळेत जाणाऱ्या गुरुजींना दोनशे कोलामी शब्द शिकवा. पहिलीच्या पुस्तकाशेजारी नागरीत छापलेले एक पातळसे कोलामी पुस्तक ठेवा. पगडींच्या आणि एमेनोंच्या पुस्तकांत जे आहे ते मराठीत आणा, म्हणजे पोडातल्या शिकलेल्या पोराला आपल्या आजीचे शब्द वाचायला इंग्रजी शिकावे लागणार नाही. वर्ध्यात भाषेच्या संस्था आहेत, इमारती आहेत, विद्वान आहेत. एक खोली या भाषेला मिळाली तर काही अडचण होईल असे वाटत नाही. आणि हे काम कोलाम तरुण-तरुणींच्या हातून व्हावे. आपण टेबल-खुर्ची द्यावी आणि बाजूला बसावे.

इतके करूनही कोलामी टिकेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. आईने ठरवले तरच भाषा टिकते. पण आईने ते लाजेने ठरवू नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. शाळेत ‘ईर’ म्हटले म्हणून मूल हसण्यावारी गेले नाही, तर ती आई घरी पुन्हा ‘ईर’ म्हणेल.

शेवटी व्याकरणातलीच आणखी एक गोष्ट सांगतो आणि पुरे करतो. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही जातो’ म्हटले की ऐकणारा मागे राहतो. ‘आपण जाऊ’ म्हटले की तो बरोबर येतो. इंग्रजीला हा भेद नाही, हिंदीच्या ‘हम’लाही नाही. मराठीला तो द्राविडी शेजारातून मिळाला असे पंडित सांगतात. कोलामीत तो आहेच. दोघे आणि दोघींप्रमाणे हाही धागा आपल्या दोन्ही घरांतून गेलेला आहे. मराठीच्या कैवाराची भाषणे आम्ही पुष्कळ ऐकली, आणि त्यांत ‘आम्ही’ हा शब्द फार वेळा ऐकला. ‘आपण’ म्हणायची वेळ येईल तेव्हा त्यात पोडातल्या त्या दोघी, म्हणजे त्या दोन ‘ईरल’, मोजल्या जातील काय, एवढाच आमचा वाचकांना या दिवाळीचा प्रश्न आहे.